पायाखालचा रबर

आमच्या टेबलाखाली संध्याकाळपर्यंत काळ्या कातरणाचा ढीग साचतो. झाडून पोत्यात भरला की वाटतं, चला, सुटलो. सकाळी कात्री चालायला लागली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा घोट्याएवढा ढीग! किश्श्यांचंही तसंच आहे. सांगून संपवावेत म्हणते, तर सांगता सांगताच नवा घडतो. नात म्हणाली, "आजी, तू बोल, मी लिहून घेते." म्हणून मी बोलतेय. ती मध्येच हसायला लागते आणि पेन थांबतं, तेवढं सांभाळून घ्या.

तर आमचं टेबल. जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलच्या मागे आमची पत्र्याची शेड आहे. तिथे मोटरसायकलचे रबरी पार्ट बनतात. प्रेसमधून रबर गरम गरम बाहेर येतो, तेव्हा त्याच्या कडेला पातळ पापुद्रा लोंबत असतो. साहेब लोक त्याला फ्लॅश म्हणतात, आम्ही झालर म्हणतो. ती झालर बारीक कात्रीनं काढायची, हे आम्हा बायकांचं काम. पार्ट तसे बरेच, पण मुख्य माल एकच. गाडी चालवणारा ज्यावर पाय ठेवतो ना, तो रबर. सगळी गाडी पुसतात लोक, त्याला कोणी फडकंसुद्धा लावत नाही!

टेबलावर सगळ्यांत म्हातारी मी, म्हणून सगळ्यांची अक्का. माझ्या उजवीकडे सुला बसते. ती धुळ्याकडची, अहिराणी बोलते, आणि एवढ्या मोठ्यानं बोलते की प्रेस चालू आहे की बंद हे कळत नाही. डावीकडे नजमा. अंगानं काडी, पण कात्री अशी चालते की बघणाऱ्याला आपल्या बोटांची काळजी वाटावी. साचे बनवतात रशीदभाई. आणि शेडचे मालक प्रमोदभाऊ. त्यांना दुपारची बीपीची गोळी आम्ही आठवणीनं देतो, कारण बीपी बहुतेक आमच्यामुळेच वाढतं.

* * *

मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, मोटरसायकल कंपनी म्हणजे एका दारातून लोखंड आत जातं आणि दुसऱ्या दारातून गाडी धूर सोडत बाहेर येते. मग एवढ्या मोठ्या कंपनीला पायाखालचा रबर करायला जळगाव कशाला लागतं? मी रशीदभाईंना विचारलंच, "त्यांना हे जमत नाही का?"

रशीदभाईंनी चहा खाली ठेवला. "अक्का, तुमच्या पोराच्या लग्नात मांडव कोणी घातला?"

"मांडववाल्यानं."

"पुऱ्या?"

"गल्लीतल्या बायांनी लाटल्या."

"भरिताची वांगी?"

"भावानं शेतातून आणली. भाजली आचाऱ्यानं."

"और पत्रिकेवर नाव किसका?"

"आमचं!"

"बस. कंपनी म्हणजे पत्रिकेवरचं नाव. टाकी एका गावची, सीट दुसऱ्या गावची, आरसा तिसऱ्याच गावचा, पायाखालचा रबर आपला. ते सगळ्यांना एका मांडवात जमवतात, नटबोल्ट आवळतात, वरात काढतात."

मला पटलं. तरी एक शंका राहिली. "आणि पंगतीत भाजी खारट निघाली तर?"

रशीदभाईंनी ऑफिसकडे बोट केलं. "तो फोन प्रमोदभाऊंना येतो!"

* * *

या कामाची एक सवय लागते. रस्त्यात उभी मोटरसायकल दिसली की नजर टाकीवर जात नाही, सरळ खाली जाते. हा आपला, हा आपला नाही, हा आपला पण झिजला. आमच्या साच्यातल्या रबराच्या पोटाला एक बारीक ठिपका असतो. वरून दिसत नाही, बोट आत घातलं की लागतो.

सुलाच्या मावसभावाचं लग्न एरंडोलला होतं. आम्ही टेबलावरच्या सगळ्याजणी गेलो. अक्षता झाल्या, पंगत बसली, सुलाचा पत्ता नाही. तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा. "चोर! गाडीचोर!"

धावत गेलो. मांडवामागे मोटरसायकलींची रांग लागलेली. रांगेच्या मधोमध सुला, पैठणी नेसलेली, नथ घातलेली, उकिडवी बसून कुणाच्या तरी गाडीच्या खाली हात घातलेला. नवरदेवाकडचे चार लोक तिच्याभोवती उभे.

"काय करताय बाई?"

सुला उठली. एका हातानं नथ सरळ केली, दुसऱ्या हातानं त्या गाडीवाल्याचा खांदा थोपटला आणि म्हणाली, "भाऊ, चिंता करू नको. आपलाच शे!"

त्या माणसाला वाटलं ही गाडीवरच हक्क सांगतेय. वरात निघेपर्यंत तो गाडीवरून खाली उतरला नाही. जेवला पण गाडीवरच!

* * *

मागच्या वर्षी दिवाळी झाली आणि प्रमोदभाऊ टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते टेबलापाशी कधी उभे राहत नाहीत, ऑफिसातून हाक मारतात. म्हणून मी कात्री खाली ठेवली.

"अक्का, आपला रबर ज्या गाडीला जातो, ती गाडी कंपनी बंद करतेय."

बाकीच्या कात्र्याही थांबल्या. प्रेसचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

"मग?"

"कंपनी नवीन गाडी काढतेय. पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी. हलकी, बुटकी, क्लच नाही, नुसतं पिळायचं आणि जायचं. तिच्या पायाच्या रबराचं काम मिळालं तर आपण आहोत. नाही मिळालं तर..." पुढचं त्यांनी डाळ मिलच्या भिंतीकडे बघून सांगितलं. डाळ मिलवाल्याला गोडाऊन हवं होतं. शेड त्याला भाड्यानं जाणार होती.

प्रमोदभाऊंचं काही अडलं नसतं, त्यांची शेती आहे. रशीदभाईंना कुठेही काम आहे. पण या टेबलावरच्या बायकांना पुन्हा टेबल कोण देणार? नजमाच्या घरात तिच्या कात्रीवर चूल पेटते. सुलाला घरी बसवली तर घराचे पत्रे उडतील.

दुसऱ्याच दिवशी डाळ मिलवाला टेप घेऊन आला. भाषा गोड. "अक्का, जरा टोक धरा ना." आणि टेपचं टोक त्यानं नेमकं आमच्या टेबलाच्या पायापाशी सोडलं!

मी टोक धरलं नाही. त्यावर पाय ठेवला.

"अक्का, मोजायचं आहे."

"मोजायला जागा रिकामी लागते शेठ. इथे बायका बसल्या आहेत."

"आत्ता आहेत..."

"आत्ता आहेत, पुढेही आहेत. तुम्ही डाळीला दुसरं घर बघा."

त्यानं टेप ओढला, मी पाय उचलला नाही. शेवटी टेप सटकन त्याच्या हातातून सुटून आमच्याकडे आला. अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. नाडी मापायला उपयोगी पडतो.

* * *

नव्या गाडीचं ड्रॉइंग आलं. रशीदभाईंनी वाचून दाखवलं. लांबी अशी, रुंदी तशी, भोक इथे. वरच्या नक्षीच्या जागी मात्र नुसतं लिहिलेलं, पाय घसरू नये अशी नक्षी बनवणाऱ्यानं सुचवावी.

"नवीन शिकणाऱ्याची भीती पायात उतरते," रशीदभाई म्हणाले. "हात थरथरतात, पण पाय तो दाबून धरतो. पाय घसरला की गेला माणूस."

त्यांनी सरळ रेघा काढून बघितल्या, आडव्या काढल्या, चौकटी काढल्या. कशावरच त्यांचं मन बसेना. एका रविवारी ते आमच्या घरी आले. सून पाट्यावर ठेचा वाटत होती. पाटा नुकताच टाकून घेतलेला, म्हणजे छिन्नीनं बारीक बारीक टोचे मारून खडबडीत केलेला. वरवंटा रपारप चाललेला, पण एक मिरची जागची हलेना.

रशीदभाई पाट्याकडे बघत उभे राहिले. उभे म्हणजे किती! सुनेनं पदर सावरला, मग चहा विचारला, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "रशीदभाई, भूक लागली का?"

"अक्का, ये पत्थर मला पाहिजे."

"पूर्ण?"

"नाही. याचा छापा."

खिशातून त्यांनी कच्च्या रबराची पट्टी काढली, पाटा ओल्या फडक्यानं पुसला, पट्टी ठेवून वरवंट्यानं दाबली. उचलली तर पाट्याचे सगळे टोचे तिच्यावर उठलेले! पट्टी रुमालात गुंडाळून ते निघाले. सून म्हणाली, "आत्याबाई, हे गाडीचं काम करतात की मसाल्याचं?"

सोमवारी त्या छाप्यावरून साचा खोदायला घेतला. प्रमोदभाऊ बघायला वाकले आणि सरळ होत म्हणाले, "रशीदभाई, सगळं ठीक आहे. पण रबराला लसणाचा वास का येतो?"

* * *

नव्या साच्यातून पहिला पीस निघाला की आम्ही त्याला हळदकुंकू लावतो. शेडमध्ये गणपतीचा कोनाडा आहे, तिथे तो पीस ठेवतो. रशीदभाई स्वतः नेऊन ठेवतात. दरवेळी ठेवतात, यावेळीही ठेवला.

सॅम्पल पुण्याकडे पाठवायचे होते. कुरिअरवाला दारात उभा, आणि खोक्यात एक पीस कमी! प्रेस तापायला वेळ लागणार होता. नजमानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि कोनाड्यातला पीस उचलून खोक्यात टाकला. तिचं म्हणणं, "सबसे अच्छा पीस वोच था!"

आठवडा गेला. कंपनीचा मेल आला. पार्टवर लाल आणि पिवळी पावडर सापडली आहे. कुठून आली ते शोधा, का आली ते लिहा, पुन्हा येणार नाही याची हमी द्या. पाठोपाठ फोन. क्वालिटीच्या पाटणकर मॅडम. प्रमोदभाऊंनी फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं.

"ही पावडर कोणत्या प्रोसेसमध्ये वापरता?"

"मॅडम, ती... ती लोकल प्रोसेस आहे."

"ड्रॉइंगमध्ये नाहीये ती."

"नाही मॅडम."

"मग प्रत्येक पीसला करता का?"

प्रमोदभाऊंनी आमच्याकडे बघितलं. गोळीची वेळ झाली होती. मी फोनपाशी गेले. "नाही हो मॅडम, पहिल्यालाच! बारसं एकाचंच असतं, बाकीचे नुसते जेवायला येतात."

 पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता.

"ठीक आहे. बिनबारशाचे सॅम्पल पाठवा."

प्रमोदभाऊंनी हमी म्हणून कोनाड्यात पाटी लावली. आजही आहे. गणपतीच्या डोक्यावर लिहिलंय, 'येथील माल पॅक करू नये.'

* * *

सॅम्पल मोजमापात पास झाले. मग मॅडम स्वतः शेड बघायला येणार असं ठरलं. आल्या त्या मे महिन्यात! जळगावचं मे महिन्याचं ऊन म्हणजे पत्र्याखाली आम्हीच प्रेसमधल्या रबरासारख्या शिजतो.

त्याआधी प्रमोदभाऊंनी शेड अशी आवरली की आम्हाला आमची जागा सापडेना. जमिनीवर पिवळे पट्टे मारले. हिरवा डबा चांगल्या मालाचा, लाल डबा रिजेक्ट मालाचा. लाल डब्याला प्रमोदभाऊंच्या परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा नियम. त्याला झाकण, झाकणाला कडी.

पाटणकर मॅडम आल्या. वयानं माझ्या नातीएवढ्या. घामानं भिजलेल्या, पण एकेक वस्तू बघत होत्या. बघत बघत लाल डब्यापाशी आल्या. "उघडा."

प्रमोदभाऊंनी अभिमानानं कडी काढली.

आत फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी, ठेचा आणि एक कांदा!

मांजर भाकरी पळवतं म्हणून सुलानं ती शेडमधल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली होती. कोणीच हात लावत नाही म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?

मॅडमनी विचारलं, "हे काय आहे?"

"भाकर शे, मॅडम."

"रिजेक्शनमध्ये?"

सुलाची पापणी हलली नाही. "जराशी करपनी. म्हनीसन रिजेक्ट करी टाकी!"

प्रमोदभाऊंनी डोळे मिटले. मॅडमनी भाकरी उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. खरंच एका कडेला करपली होती. मग त्यांनी कडेचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला. "हिचं रिजेक्शन मला मान्य नाही," म्हणाल्या, आणि आमच्या टेबलावर बसून सुलाबरोबर अर्धी भाकरी खाल्ली.

हात धुताना मात्र खरं बोलल्या. "आजी, तुमचा माल चांगला आहे. पण दुसऱ्या एका कारखान्याचाही चांगला आहे. तो आमच्या प्लँटच्या अगदी जवळ आहे. दोन्ही सारखे निघाले तर काम त्यांना जाईल."

"मग सारखे निघणार नाहीत," मी म्हटलं.

"ते गाडी ठरवेल."

* * *

जूनच्या तोंडाशी ती गाडी आली. बाजारात येण्याआधी कंपनी गाडी कडक उन्हात पळवून बघते. त्यासाठी आपल्या खानदेशासारखी जागा नाही! धुळ्याच्या हायवेवर कंपनीचे रायडर ती पळवत होते. आकार कुणाला कळू नये म्हणून सगळ्या अंगाला काळेपांढरे ठिपकेदार स्टिकर चिकटवलेले.

आमच्या गेटसमोर चहाची टपरी आहे. तिथे रायडरनं गाडी लावली. बाकावर एक आबा बसले होते. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली.

"भाऊ, हाई गाडीले देवी उनी का?"

रायडर म्हणाला, "नाही आबा, टेस्टिंग आहे."

"आते गावमा नई फिरावानी तिले. बाकीन्या गाड्यासले व्हई!"

रायडर चहा पिऊन परत आला तर हँडलला कडुनिंबाची डहाळी बांधलेली, देवी आलेल्या घराच्या दाराला बांधतात तशी. त्यानं ती काढली नाही. शेडच्या आवारात गाडी तशीच आली, डहाळी हलवत.

* * *

आता शेवटचं.

गाडीबरोबर मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं, "एका बाजूला तुमचा रबर आहे, एका बाजूला दुसऱ्या कारखान्याचा. आमचे रायडर तरबेज आहेत, त्यांचा पाय कशावरच घसरत नाही. मला अशी माणसं पाहिजेत ज्यांनी कधी गाडी चालवलीच नाही. आणि कुणी फोटो काढायचा नाही."

डाळ मिलच्या मागे मोकळं मैदान आहे. तिथे टेस्ट ठरली. दोन रायडर दोन्ही बाजूंनी धावणार, पडू देणार नाहीत.

सुला माझ्या कानात म्हणाली, "अक्का, त्येस्ना रबरले थोडंसं खोबरेल लायी देऊ का?"

"हात तोडीन," मी म्हटलं. "आपला घसरला तर आपला, त्यांचा घसरला तर त्यांचा. तेल लावून मिळालेल्या टेबलावर मी बसणार नाही."

पण अडचण वेगळीच निघाली. टेबलावरच्या बायका बहुतेक गोल साडीतल्या. मोटरसायकलवर पाय टाकून बसताच येईना! सुलानं प्रयत्न केला, साडी फाटायचा आवाज झाला, ती खाली. उरली नजमा, सलवारवाली. तिला बसवली. नजमानं डोळे मिटून मैदानाची चक्कर मारली, तोंडानं अल्लाचं नाव, कानापर्यंत घाम. जेवणानंतर मॅडमनी रबरांच्या बाजू बदलल्या आणि पुन्हा चक्कर. नजमाच्या पायात जाड रबरी बूट, पोराचे. ते कशावरच घसरेनात.

मॅडमनी पेन बंद केलं. "दोन्ही सारखे."

 मैदानाच्या कडेला डाळ मिलवाला कधीचा येऊन उभा होता. टेप नवीन होता.

मी पुढे झाले. "मॅडम, मी राहिले."

"आजी, तुम्ही? नको, वय..."

"नवशिका माणूस पाहिजे म्हणता ना? माझ्याएवढं नवशिकं कोण आहे इथे? मी सायकलवर पण बसलेली नाही."

"पण साडी..."

मी माझ्या लुगड्याकडे बोट केलं. नऊवारी, कासोटा मारलेला. याच लुगड्यात मी शेतातल्या झाडावर चढलेय.

प्रमोदभाऊ धावत आले. "अक्का, नको! पडलात तर तुमचा मुलगा मला सोडणार नाही."

"आणि टेबल उठलं तर मी तुम्हाला सोडणार नाही. बाजूला व्हा."

डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट. गुडघ्यांना त्यांनी काहीतरी बांधलं. पायात माझी चामड्याची चप्पल. वर्षानुवर्षं तीच, तळ झिजून थाळीसारखा गुळगुळीत. मॅडमनी तळ बघितला आणि पेन पुन्हा उघडलं. आपला रबर आता डावीकडे होता. चप्पल ठेवताक्षणी मला कळलं. पाट्यावर पाय ठेवल्यासारखं.

"आजी, हळू पिळा."

मी हळूच पिळलं. माझं हळू आणि गाडीचं हळू वेगळं निघालं! गाडीनं वासरासारखी उडी मारली. दोन्ही रायडर मागे राहिले. मला एवढंच समजलं की मैदान माझ्याकडे धावत येतंय. रशीदभाई म्हणाले होते ते खरं, सगळी भीती पायात उतरली. उताराला लागलेल्या बैलगाडीत पाय रोवतात तसे मी दोन्ही पाय रोवले. पहिल्याच वळणावर उजवी चप्पल सर्रकन गेली. कुठे गेली बघायला सवड नव्हती.

मागून सगळ्या ओरडत होत्या. "ब्रेक! अक्का, ब्रेक!"

"कुठे आहे तो?"

"उजव्या पायाशी!"

उजवा पाय अनवाणी, तापलेल्या रबरावर टेकवत नव्हता, ब्रेक कुठून सापडणार? डावा पाय मात्र जागचा हलला नाही. सगळं अंग मी त्या एका पायावर तोललं आणि गाडी वळली. वळली ती सरळ डाळ मिलच्या कोंड्याच्या ढिगात घुसली. तुरीच्या टरफलांचा डोंगर! भस्सकन आवाज झाला, पिवळा धुरळा उडाला, इंजिन बंद पडलं. गाडी कोंड्यात उभीच्या उभी रुतली आणि मी तिच्यावर बसलेली.

सगळे धावत आले. "अक्का, लागलं का?"

"मला नाही. गाडीला बघा, पाहुण्यांची आहे."

डाळ मिलवाला ओरडत होता, "माझा कोंडा!"

मी डावा पाय उचलला आणि खाली उतरले. उतरल्यावर कोंडा दोन्ही पायांना टोचला, तेव्हा ध्यानात आलं की डावी चप्पलही पायात नाही. मी वळून बघितलं.

चप्पल गाडीवरच होती. आपल्या रबरावर, नीट, सरळ. जशी उंबऱ्याशी काढून ठेवावी तशी.

"कोणी हात लावू नका!" मॅडम ओरडल्या. त्यांनी गाडी हलवून बघितली. चप्पल हलली नाही. गाडी थोडी कलती केली. चप्पल बसलेलीच. मग मॅडमनी मोबाइल काढला. फोटो काढायचा नाही म्हणून सकाळपासून आम्हाला दम देणाऱ्या मॅडम, कोंड्यात गुडघे टेकून माझ्या चपलेचे फोटो काढत होत्या!

"आजी, ही मी घेऊन जाऊ?"

"मी घरी काय घालून जाऊ?"

"परत पाठवीन."

सुलानं मैदानाच्या मधून माझी उजवी चप्पल शोधून आणली. एक चप्पल काय घालायची? ती मी टेबलाखाली ठेवली आणि नजमाचे बूट घालून घरी गेले.

मग दिवस गेले. फोन नाही, मेल नाही. पाऊस पडून गेला. डाळ मिलवाला दोनदा येऊन दारातून आत डोकावून गेला. आम्ही मान वर केली नाही. शेडमध्ये जो काही जुना माल उरला होता, त्याची झालर काढत बसलो. प्रमोदभाऊंना मी सांगून ठेवलं होतं, तुम्ही कुलूप आणलंत तरी मी आतल्या बाजूला बसलेली असेन.

एका सकाळी कुरिअरवाला आला. खोकं प्रमोदभाऊंच्या नावाचं नव्हतं. वर लिहिलं होतं, 'अक्का, टेबल.' नजमानं वाचून दाखवलं.

मी कात्रीनं पट्टी कापली. आत माझी डावी चप्पल. तिच्या अंगठ्याला सुतळीनं बांधलेलं हिरवं कार्ड, पास झालेल्या मालाला लावतात ते. कार्डावर कंपनीचा शिक्का, मॅडमची सही. आणि सहीच्या बाजूला कुंकवाचं बोट.

 प्रमोदभाऊ ऑफिसच्या दारात उभे होते, चष्मा काढून पुसत होते. रशीदभाईंनी कार्ड हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि कोनाड्यात नेऊन ठेवलं, पाटीच्या बरोबर खाली.

सुला उठली. टेबलाखाली वाकून तिनं माझी उजवी चप्पल काढली. लाल डब्याची कडी उघडली, आधी आपली भाकरी बाहेर काढून ठेवली, आणि चप्पल आत टाकली.